तुकडा वाकला होता

आमच्या धाकट्या नणंदेचं, गजराचं, लग्न झालं त्या सालची ही गोष्ट. मार्गशीर्ष लागला होता. हळदीला दोनच दिवस राहिले होते आणि ईश्वरा मुकादम खांद्यावर लोखंडाची कांब टाकून आमच्या भात्यासमोर येऊन उभा राहिला.

"सटवातात्या, यारीचा हूक पार झिजलाय. नवा करून द्या. परवापर्यंत."

"परवा घरात हळद हाय," माझे सासरे म्हणाले.

"म्हणून तर उद्याच द्या म्हणत न्हाई."

सासऱ्यांना मी मामा म्हणायची. मामांनी कांब हातात घेतली. हातभर लांब, मनगटाएवढी जाड, नवीकोरी. त्यांनी ती ऐरणीवर आपटून कानाशी धरली, नखानं खरवडली.

"कुठली ही?"

"तालुक्याला नवं दुकान निघालंय. कारखान्यातनं आलेला माल. दरवेळी तुम्ही भंगारातला ट्रकचा आस घेता. म्हटलं यंदा तात्यांना नवं लोखंड द्यावं."

"ट्रकच्या आसाची जात मला ठाऊक हाय मुकादम. वीस वर्षं ओझं वाहून आलेला असतो तो. हिनं आजवर काय वाहिलंय?"

"तुमची सून घरात आली तवा तिनं तरी काय वाहिलं होतं? आता घण मारतीय की!"

मामा हसले. मीही पदर तोंडाला लावून हसले. आम्ही घिसाडी. आमच्यात बाया घण मारतात. पुरुष सांडशीत लोखंड धरतो आणि लहान हातोडीनं दाखवतो, इथं मार, आता इथं. आमचे मालक लग्नाची आमंत्रणं द्यायला बाहेरगावी गेले होते, म्हणून त्या हुकाला मामा आणि मी अशी दोघंच होतो.

मुकादमाकडं विहिरी पाडायची टोळी होती. इंजिनावर चालणारी यारी विहिरीच्या काठावर उभी करायची. तिच्या तारेच्या दोराला हूक, हुकाला मोठी लोखंडी बकेट. दिवसभर त्या बकेटीतून दगड वर यायचे. सकाळी त्याच बकेटीत बसून माणसं खाली उतरायची आणि दिवस मावळताना वर यायची. त्या टोळीत माझा पाठचा भाऊ अंबादास होता. वय एकोणीस. मीच मुकादमाच्या मागं लागून त्याला कामावर घ्यायला लावलं होतं.

कांब आगीत घातली. तांबडी झाली, मग पिवळसर. मी घण उचलला. असलं लोखंड मी त्याआधी कधी मारलं नव्हतं. कणकेच्या गोळ्यासारखं हलत होतं. कड फाटली नाही, भेग पडली नाही. तासाभरात हुकाचा आकडा वळला.

मामांनी हातोडी ऐरणीवर दोनदा वाजवली, म्हणजे थांब.

"लई गोड लागतंय गं हे."

"मग बरंच झालं की मामा."

"एखादं लोखंड तांबडं असतानाच फुटतं. ते परवडलं. तिथंच कळतं, फेकून देता येतं. दुसरं एक असतं, ते आगीत शहाण्यावानी वागतं आणि गार पडलं की काचेवानी होतं. त्यात काय मिसळलेलं असतं ते मला ठाऊक न्हाई. माझ्या बापालाबी ठाऊक नव्हतं. त्याला एवढंच ठाऊक, की थंडीत ठोकून बघायचं."

हा आमच्या घरचा रिवाज होता. विळा, खुरपं, कुळवाची फास यांना नाही. पण ज्याच्यावर माणसाचा जीव टांगायचा ती वस्तू केली, की उरलेल्या तुकड्याला छिन्नीनं खाच पाडायची, तुकडा रात्रभर दहिवरात ठेवायचा आणि सकाळी उन्हाची तिरीप यायच्या आत ऐरणीवर आडवा धरून घण मारायचा. वाकला तर वस्तू द्यायची. मोडला तर मोडीत टाकायची, मग ती कितीही देखणी झालेली असो.

मामांनी वीतभर उरलेल्या तुकड्याला खाच पाडली आणि माझ्या हातात दिला.

"मी उद्या पहाटेच वाटंगावला निघतोय, आक्काला आणायला. तू ठोकून बघ."

"बघते."

दुसऱ्या दिवशी दुपारी मामा आपल्या बहिणीला घेऊन आले. मी जात्यावर हळकुंडं भरडत होते. घरात वीस माणसं. आल्या आल्या त्यांनी डोक्याचं मुंडासं सोडलं आणि पहिलं मला विचारलं, "तुकडा?"

"वाकला, मामा."

"किती?"

मी हळदीनं पिवळा झालेला हात कोपरात दुमडून दाखवला. मामांनी मान हलवली.

संध्याकाळी मुकादम आला. मामांनी हूक त्याच्या हातात ठेवला आणि म्हणाले, "थंड ठोकून बघितलाय. बिनघोर लावा."

"कुणी ठोकला?"

"माझ्या सुनेनं. माझ्यापेक्षा तिचा हात नेटका हाय."

हळद झाली, लग्न झालं. टोळीतली सगळी माणसं जेवायला होती. त्यातल्या गेनबानं वरातीपुढं हलगी अशी वाजवली की नवरदेवाचा मामासुद्धा नाचायला लागला. त्याच्या पानात मी तीन वेळा लाडू वाढले. तीनही वेळा तो म्हणाला, "वहिनी, ह्यो शेवटचा."

लग्नानंतर दत्तजयंती आली. लग्न आणि सणामुळं तोवर यारी बंदच होती. हूक बसवला होता, पण त्याला वजन लागलं नव्हतं.

दत्तजयंतीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी अशी थंडी पडली की हौदातल्या पाण्यात हात घालवेना. मी शेळी सोडली आणि बघते तर तिची मेख जागेवर नाही. मांडवाला कुणीतरी उपटून नेलेली. शेळी हातात ओढ घेत होती. मी इकडं तिकडं बघितलं. भात्याच्या मागं, कोळशाच्या ढिगाशी, त्या कांबेचा उरलेला तुकडा पडला होता. म्हटलं, हाच ठोकावा.

जमीन दगडासारखी झाली होती. तुकडा उभा धरला आणि हातोडा मारला. दुसरा मारला. तिसऱ्या घावाला टक्‌ असा बारीक आवाज आला आणि वरचा अर्धा भाग उडून शेळीच्या पायाशी पडला.

मी तो उचलला. खाचेपाशी मोडला होता. चांगलं लोखंड खाचेपाशी वाकतं, आणि वाकून वाकून तुटलंच तर आत तागाच्या दोऱ्यांसारखं दिसतं. इथं खडीसाखरेसारखे मोठे मोठे दाणे होते आणि ते चमकत होते.

शेळीचा दोर माझ्या हातातून कधी सुटला ते कळलं नाही. उन्हं अजून आली नव्हती. अंबू घरून निघाला असणार. पोचलाही असणार. बकेटीत पाय ठेवत असणार.

दोन्ही तुकडे ओटीत घातले आणि पळत सुटले.

विहीर दीड मैलावर होती, माळाच्या पलीकडं. चप्पल घातली नव्हती. खडे टोचत होते, ते मला नंतर, पायातलं रक्त बघितल्यावर कळलं. पळताना एकच आवाज कानात होता, तो टक्‌. दर पावलाला वाटायचं, आत्ता झालं, आत्ता. मग माळ चढून वर आले आणि यारीचं इंजिन ऐकू आलं. इंजिन चालू होतं म्हणजे अजून काही झालेलं नव्हतं. किंवा आत्ता होणार होतं.

टेकाड उतरले तेव्हा यारीचा लाकडी खांब विहिरीवर आडवा आला होता आणि दोर खाली चालला होता. मुकादम स्वतः ब्रेकच्या दांड्यावर होता. काठाशी जाऊन वाकून बघितलं. साठ हात खोल विहीर, तळाला काळे दगड. मध्यावर बकेट, बकेटीत अंबू आणि गेनबा, दोघं काठ धरून उभे. त्यांच्या डोक्यावर माझ्या हातानं मारलेला हूक.

तोंड उघडलं मी. "थांबवा" असं ओरडणारच होते. आणि तसंच तोंड मिटलं.

कारण मी ओरडले असते तर मुकादमानं दचकून ब्रेक दाबला असता, आणि बकेटीला हिसका बसला असता. आणि हिसक्यानंच तर ते लोखंड मोडत होतं. पहिल्या दोन घावांना काहीच झालं नव्हतं. तिसऱ्याला एकदम.

"काय लोहारीणबाई!" मुकादमानं मला बघितलं. "सक्काळी सक्काळी? राहिलेले लाडू आणले का काय?"

"व्हय," मी म्हणाले. धापेनं शब्द फुटत नव्हता. "सावकाश सोडा."

"सावकाशच सोडतोय. भाऊ हाय का काचेचं भांडं तुझं?"

"सावकाश सोडा, मुकादम."

"घामाघूम का झालीस एवढ्या थंडीत?"

"पळत आले."

मी हसायचा प्रयत्न करत होते. ओटीतले दोन तुकडे एकमेकांवर वाजत होते, म्हणून मी ओटी मुठीत आवळली. दोर इंचाइंचानं सरकत होता. खालून गेनबा ओरडला, "वहिनी, लाडू राहिलेत म्हणं! टाका की वरनं, झेलतो!"

डोळे हुकावर होते. बकेट तळाला टेकली, दोर सैल पडला, दोघं बाहेर उतरले. तेव्हा मी मातीच्या ढिगावर बसले.

मग ओटीतले तुकडे काढून मुकादमापुढं धरले.

त्यानं ते बघितले, जोडून बघितले, पुन्हा अलग केले. त्याच्या तोंडावरचं हसू गेलं.

"त्याच कांबेचा?"

"त्याच कांबेचा. ह्या हुकानं त्यांना वर काढू नका. दुसरा हूक आणा."

"जुना तर तुमच्याकडंच हाय."

"त्याची पहार केली मामांनी. दोराची गाठ मारा. न्हाईतर थांबा तरी. उन्हं वर येऊ द्या. दुपारी हे लोखंड असं मोडत न्हाई, गारठ्यातच मोडतं."

"लोखंडाला थंडी वाजती व्हय?" त्यानं विचारलं. पण त्यात चेष्टा कमी होती. तो माझ्याकडं नीट बघत होता. "हौसाबाई, तात्या म्हणाले होते थंड ठोकून बघितलाय. तूच ठोकलास म्हणाले. ठोकला होतास का न्हाई?"

इंजिन धडधडत होतं. खालून अंबूचा आवाज आला, "आक्के, काय झालं गं?"

"ठोकला होता," मी म्हणाले. "वाकला होता."

"मग हा?"

"दोन तुकडे होते. एक वाकला. हा आज मोडला."

मुकादमानं पुन्हा तुकड्यातले दाणे बघितले.

"आता हूक वाकणाऱ्यातला का मोडणाऱ्यातला, हे कुणी सांगायचं? तात्या चाळीस वर्षं टोळ्यांना हूक देतात. त्यांचा एक मोडला न्हाई. ह्याला तर छिन्नीची खाच हाय, घाव तिरका बसला असंल." तो स्वतःलाच समजावत होता. "एक करू. माणसांना न्हाई चढवायचं. आधी दगड ओढून बघू. चार-पाच बकेटी वर आल्या की कळंल. न्हाई आल्या तर दगडच पडंल ना? खालच्यांना कडेला उभं करतो."

मला ते पटलं. खरं सांगायचं तर मला हायसं वाटलं, कारण आता मला आणखी काही बोलायला लागणार नव्हतं.

मुकादम खाली ओरडला, "दगड भरा आणि कडेला सरा रं! बकेट वर येस्तोवर मधी थांबू नका!"

मी काठावर पालथी पडले आणि ओरडले, "अंबू! कपारीत जाऊन उभा रहा! भिंतीला चिकटून! मी सांगंस्तवर बाहेर येऊ नकोस!"

"मला घरी न्यायला आलीस का काय?" अंबू हसला, पण गेला. विहिरीच्या उगवतीच्या अंगाला सुरुंगानं खोबण पडली होती, तिच्यात तो शिरला. बकेट वर गेली की बाहेर यायचं, खाली आली की भरायची, पुन्हा आत. मी दरवेळी त्याचं नाव घेऊन ओरडत होते.

पहिली बकेट वर आली. दुसरी आली. मी हूक जवळून बघितला. कुठं भेग नाही. तिसरी आली, काठोकाठ भरलेली. मुकादमानं माझ्याकडं बघून भुवई उडवली.

"बघ. तुझ्या मामाचं काम हाय ते."

माझंही अंग सैल झालं होतं. वाटलं, खरंच हुकाचं लोखंड चांगलं असेल. कांबेच्या एकाच टोकाला खोट असेल. तसंही होत असेल.

चौथी बकेट भरली. दोघं बाजूला झाले. मुकादमानं दोर ओढायला घेतला. बकेट पंधरा-वीस हात वर आली आणि बाहेर आलेल्या एका खडकाच्या कंगोऱ्याला अडकली. दोर ताणला. मुकादम ब्रेककडं हात नेतोय, तोवर बकेट कंगोऱ्यावरून निसटली आणि तिनं खाली हिसका खाल्ला.

टक्‌.

तोच आवाज. शेळीच्या मेखेचा. साठ हात विहिरीत तो तेवढाच बारीक होता.

मी डोळे मिटले नाहीत. गेनबा खोबणीत नव्हता. त्याची पहार तळाच्या मध्यावर राहिली होती आणि ती उचलायला तो तेवढ्यापुरता पुढं आला होता. तीन बकेटी सुखरूप वर गेल्या होत्या. त्याला वाटलं असेल, आता काय होतंय. त्याला कडेला राहा म्हणून मुकादमानं एकदा सांगितलं होतं. मी एकदाही सांगितलं नव्हतं. माझ्या तोंडात एकच नाव होतं.

अंबूला दुपारी वर काढला, तारेच्या दोराला गाठ मारून. तो आठ दिवस बोलला नाही.

मामांना कुणीतरी बोलावून आणलं होतं. ते काठाशी बसले, तुटलेला हूक मांडीवर घेतला आणि मोडलेल्या तोंडावरून बोट फिरवलं. दाणे बोटाला लागले असतील. मग त्यांनी मान वर करून मला विचारलं. रागानं नाही. लहान पोरानं विचारावं तसं विचारलं.

"पोरी, तुकडा वाकला होता ना गं?"

"वाकला होता, मामा."

पंचनामा झाला. हूक इंजिनिअरिंगच्या कॉलेजात तपासायला पाठवला. दोन-अडीच महिन्यांनी कागद आला. ग्रामसेवकानं तो आमच्या अंगणात वाचून दाखवला. शेवटच्या ओळीत लिहिलं होतं, घडवणाऱ्याचा दोष आढळत नाही. दोष लोखंडाच्या मिश्रणाचा आहे. सगळ्यांनी मामांच्या पाठीवर हात ठेवले. मुकादम त्यांच्या गळ्यात पडून रडला.

मामा कागदाकडं बघत म्हणाले, "लोखंडच खोटं होतं, तर मग तुकडा वाकला कसा?"

त्यानंतर त्यांनी गिऱ्हाइकाचं काम घेतलं नाही. पण थंडीच्या दिवसांत पहाटे उठायचे आणि लोखंडाचे तुकडे ऐरणीवर ठोकत बसायचे. नवं, जुनं, मिळेल ते. एकाच कांबेचे दोन तुकडे घ्यायचे, एक ठोकायचे, मग दुसरा. दोन्ही वाकायचे, नाहीतर दोन्ही मोडायचे. एक वाकून दुसरा मोडलेला त्यांना कधी सापडला नाही. मी चूल पेटवायला उठायची तेव्हा तो आवाज चालू असायचा. मला बघितलं की म्हणायचे, "तू सांग बरं पुन्हा, कितपत वाकला होता?" आणि मी हात कोपरात दुमडून दाखवायची.

मी अक्षरं शिकले ती केस पिकायला लागल्यावर, गावात साक्षरतेचा वर्ग निघाला तेव्हा. आधी नाव लिहिलं, मग जे दिसेल ते वाचायला लागले. खताच्या पोत्यावर नत्र, स्फुरद, पालाश वाचलं. मग एक दिवस ट्रंकेतला तो कागद काढला. बोट ठेवून ठेवून वाचला. त्यात लिहिलं होतं की त्या लोखंडात स्फुरद होतं, असावं त्याच्या साडेतीनपट. भंगार वितळवून कांबी करताना ते आत राहून जातं. तापवून घडवताना त्याचा त्रास होत नाही. थंडीत, धक्का बसला की असं लोखंड एकदम तुटतं. मामांच्या बापाला जे ठाऊक नव्हतं, त्याचं नाव पोत्यावर छापलेलं होतं.

त्या कागदात सगळं खरं आहे. एक गोष्ट त्यात नाही, कारण ती कुणाला माहीत नव्हती. हळदीच्या आदल्या दिवशी पहाटे मी उठले तेव्हा चुलीपुढं वीस माणसांच्या भाकरी होत्या. तुकडा दहिवरात ठेवायचाच मी आदल्या रात्री विसरले होते. दुपारी मामांनी विचारलं तेव्हा विसरले असं सांगायची लाज वाटली, आणि लोखंड आगीत इतकं चांगलं वागलं होतं की वाकणारच, असं मी धरून चालले. विहिरीच्या काठावर मुकादमानं विचारलं तेव्हा लाज नव्हती. तेव्हा खोटं उघडं पडायची भीती होती. खरं बोलले असते तर त्यानं इंजिन बंद केलं असतं.

तुकडा एकच होता. तो मी पहिल्यांदा ठोकला तो शेळीच्या मेखेसाठी.

गेनबा रामा केंगार, वय सत्तावीस, त्या साली दत्तजयंतीच्या दुसऱ्या दिवशी, उन्हं विहिरीत उतरायच्या आधी मेला. माझे सासरे सटवाजी पडवळकर त्यानंतर तीन वर्षांनी पौषात, सकाळी, ऐरणीपाशी बसलेले असताना मेले. त्यांच्या हातात हातोडी होती. मी त्यांना शेवटपर्यंत सांगितलं नाही.